अनोळखी माणूस पैसे मागतो तेव्हा: खिशात हात जाण्याआधी काय करायचं

जळगावचं नवीन बसस्थानक, भुसावळचा प्लॅटफॉर्म, धुळ्याचं पाचकंदील, सारंगखेड्याची यात्रा. कुठेही उभे असा, कुणीतरी जवळ येतं आणि म्हणतं, "भाऊ, पाकीट चोरीला गेलं, गावाला जायचंय." अशा वेळी बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी खिशात हात जातो, मग शंका येते, मग उलटतपासणी सुरू होते आणि शेवटी राग येतो. दिलं तर फसलो असं वाटतं, नाही दिलं तर रात्रभर टोचत राहतं.

समोरचा खरा की खोटा हे रस्त्यावर उभ्या उभ्या कुणालाच ठरवता येत नाही. तो नाद सोडला की निर्णय बराच सोपा होतो. मग तीनच गोष्टी पाहायच्या उरतात. या माणसाच्या जिवाला आत्ता धोका आहे का? त्याला नेमकं काय लागतंय? त्यातलं काय मी पश्चात्ताप न होता देऊ शकतो? पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत आणि क्रम बदलू नका.

## १. घरातून निघण्याआधीची तयारी

निर्णय रस्त्यावर घ्यायचा असला तरी त्याची तयारी घरीच करावी लागते.

पगार झाला किंवा कापसाचे, केळीचे पैसे हातात आले की महिन्याची एक रक्कम बाजूला काढा. ती दोनशे असेल, पाचशे असेल, घराला झेपेल तेवढीच. तिच्या दहा-वीसच्या नोटा करून घ्या आणि वेगळ्या खिशात ठेवा. रक्कम संपली की त्या महिन्यापुरतं रोख देणं थांबलं. एवढं ठरलेलं असेल तर दर वेळी मनात वाद होत नाही आणि गर्दीत मोठं पाकीट उघडावं लागत नाही. यात्रेत आणि रेल्वेच्या जनरल डब्यात पाकीट उघडलेलं पाहूनच पाकीटमार मागे लागतात. मागणारा बिचारा वेगळाच असतो.

मग मोबाइलमध्ये हे क्रमांक नावासकट साठवा: ११२ (पोलिस व आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०९८ (मुलांसाठी), १८१ (महिलांसाठी), १३९ (रेल्वे), १४५६७ (ज्येष्ठांसाठी), १४४१६ (मानसिक आरोग्य), १९३० (ऑनलाइन फसवणूक). रस्त्यावर पाच-दहा रुपयांपेक्षा यातला योग्य क्रमांक जास्त कामाला येतो. वेळ आली की नेमका तोच आठवत नाही, म्हणून आजच साठवा.

तपासा: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांना हे क्रमांक माहीत आहेत का? मागणारे त्यांच्याकडेच जास्त येतात.

## २. आधी माणूस बघा, गोष्ट नंतर ऐका

तो काय सांगतोय याच्याआधी तो कसा उभा आहे हे पाहा. खानदेशात हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो आणि उन्हाळ्यात त्याची किंमत जीव असते.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. उष्माघात झालेला माणूस अडखळत चालतो, असंबद्ध बोलतो, नजर स्थिर ठेवत नाही. लोक म्हणतात, "पिऊन आलाय," आणि पुढे निघून जातात. मधुमेह्याची साखर एकदम उतरली तरी माणूस असाच दिसतो. म्हणून अंग तापलेलं, बोलणं तुटक आणि तोल जाणारा माणूस दिसला तर पैशाचा विषय बाजूला ठेवा. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, ओल्या फडक्याने मान-काखा पुसा आणि १०८ लावा. दारूचा वास आला तरी हेच करा. प्यायलेल्या माणसालाही ऊन लागतं.

सावध: शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं.

एकटं लहान मूल, वाट चुकलेले आजोबा, स्वतःशीच बोलत रस्त्याच्या मधोमध फिरणारी बाई यांच्या बाबतीतही पैसे हे उत्तर नाही. मुलासाठी १०९८ आणि वृद्धासाठी १४५६७. मानसिक आजाराने भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणं हे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. म्हणून ११२ ला फोन करताना "एक वेडा फिरतोय" असं सांगू नका. "मानसिक आजारी, निराधार व्यक्ती आहे, संरक्षणाची गरज आहे" असं स्पष्ट सांगा आणि जागेची खूण द्या.

## ३. जागा निवडा

बोलायचं ठरवलं तर उजेडात, चार माणसं असतील तिथे बोला. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीजवळ, स्टेशनवर रेल्वे पोलिसांच्या चौकीजवळ किंवा चहाच्या टपरीपाशी. "जरा बाजूला या" असं कुणी म्हटलं तर जाऊ नका. महामार्गावर, मग तो धुळे-जळगाव-भुसावळचा असो की मुंबई-आग्रा, रात्री हात दाखवणाऱ्यासाठी गाडी थांबवून उतरू नका. काच वर ठेवा, पुढे ढाब्यावर किंवा पंपावर थांबा आणि तिथून ११२ ला जागा कळवा. मदत पोहोचते आणि तुम्हीही सुरक्षित राहता.

## ४. दोनच प्रश्न विचारा

पहिला प्रश्न, कुठे जायचंय किंवा काय झालंय. दुसरा, आत्ता लगेच काय लागेल. यापुढची चौकशी मदत द्यायला उपयोगाची नसते, ती आपल्या समाधानासाठी असते.

माणूस आपल्याकडचा वाटला तर अहिराणीत विचारा: "कोठे जावानं शे, आबा?" आपली बोली ऐकली की माणूस मोकळा होतो आणि खरी अडचण लवकर सांगतो. पण अहिराणी किंवा मराठी येत नाही म्हणून कुणी संशयास्पद ठरत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरा किंवा भिल्ल मजूर ऊसतोडीहून परत येताना मुकादमाने पैसे बुडवले म्हणून खरोखरच स्टेशनवर अडकलेला असू शकतो. तो अडखळत बोलेल, गाडीचं नाव चुकीचं सांगेल. तो खोटं बोलतोय असा त्याचा अर्थ लावू नका.

गोष्टीतला भूगोल मात्र जरूर ताडून पाहा, कारण त्यावरून मदत कशी करायची ते कळतं. धुळे स्टेशनवर कुणी अमळनेरच्या रेल्वे तिकिटासाठी पैसे मागत असेल, तर धुळ्याची रेल्वे चाळीसगावला जाते हे त्याला सांगा. अमळनेरला जायला एसटी सोयीची. खरंच जायचं असेल तो बस कुठे लागते ते विचारेल. पैसेच हवे असतील तो रेल्वेचाच हट्ट धरेल. दोन्ही वेळी तुम्हाला भांडावं लागत नाही.

## ५. मागणी ओळखा आणि त्याप्रमाणे द्या

### गावाला जायला पैसे

रोख देऊ नका, प्रवास द्या. एसटीचं तिकीट बसमध्ये कंडक्टरकडे मिळतं, म्हणून माणसाला बसमध्ये बसवा आणि भाडं कंडक्टरच्या हातात द्या. भाडं किती ते आधी नियंत्रकाला विचारा. राज्याच्या हद्दीत एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. ज्येष्ठांच्या सवलतीला ओळखपत्र लागतं. पाकीटच हरवलेलं असेल तर आजोबांकडे ते नसेल, हे लक्षात घेऊन त्यांना खोटं पाडू नका. कंडक्टरशी बोला किंवा सरळ तिकीट काढून द्या.

सुरतकडे जायचं असेल तर जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारहून रेल्वे आहे. खिडकीवर जाऊन जनरल तिकीट काढून हातात द्या. खरंच चोरी झाली असेल तर रेल्वे पोलिसांत तक्रार नोंदवायला मदत करा. चोरी चालत्या गाडीत दुसऱ्याच हद्दीत झाली असली तरी तक्रार इथे घेता येते आणि ती पुढे वर्ग होते. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

तपासा: तिकिटाची तयारी दाखवल्यावर माणूस "नको, पैसेच द्या" म्हणाला तर एकदाच शांतपणे सांगा, "तिकीट काढून देतो, पैसे नाही." मग निघा.

### औषधाला पैसे

घडी पडून फाटत आलेली झेरॉक्स चिठ्ठी दाखवतात. तारीख, रुग्णाचं नाव आणि दवाखान्याचा शिक्का पाहा. चिठ्ठी ताजी असेल तर जवळच्या मेडिकलमध्ये सोबत जा, एक-दोन दिवसांपुरतं औषध घ्या, बिल स्वतःकडे ठेवा आणि पाकीट फोडूनच द्या. फोडलेली पट्टी दुकानात परत होत नाही.

पण त्याहून मोठी मदत म्हणजे मोफत उपचाराची वाट दाखवणं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्ण दाखल असेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायला सांगा. गरीब रुग्णाला कुठल्या योजनेतून काय मिळू शकतं, हे बघणं त्यांचं रोजचं काम आहे. बाहेर वाट बघत बसलेल्या नातेवाइकांना हे पद असतं हेच बहुधा ठाऊक नसतं.

### ऑपरेशनसाठी फ्लेक्स आणि क्यूआर कोड

रिक्षाला लहान बाळाचा फोटो, भोंगा आणि खाली क्यूआर कोड. फोटो बघून पोटात कालवतं, म्हणूनच इथे घाई करायची नाही. रुग्णालयाचं नाव, रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि खर्चाचं अंदाजपत्रक मागा. फ्लेक्सवरचा फोन लावू नका. रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधा आणि असा रुग्ण दाखल आहे का ते विचारा. तो असेल तर पैसे रुग्णालयात त्या रुग्णाच्या बिलात भरा. मधल्या माणसाच्या खात्यात टाकू नका.

कुटुंब खरं असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटायचं. दुसरं म्हणजे, धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं.

### भूक आणि बाळाचं दूध

जेवण मागितलं तर देऊन टाका. इथे चौकशी नको. आपल्याकडे सगळ्यात सोपं म्हणजे केळी. ती कुठेही मिळतात, दात नसलेल्यालाही खाता येतात, पोटाला बाधत नाहीत आणि कुणी परत विकत घेत नाही. शेवभाजीचं पार्सल देण्याआधी विचारा, चार दिवसांच्या उपाशी पोटाला आपलं तिखट झेपत नाही. घरचं उरलेलं देत असाल तर आज सकाळचंच द्या. वास आलेलं अन्न दान होत नाही.

बाळाच्या दुधाचा डबा मागण्याची एक ठरलेली पद्धत आहे. बाई ठरावीक दुकानाकडेच नेते, महागडा डबा घेते आणि तुम्ही वळलात की तो परत जातो. उपाय सोपा आहे: पिशवीतलं दूध आणि तिच्यासाठी जेवण. डबाच घ्यायचा ठरला तर झाकणाखालचं सील तिथेच फोडायला लावा. बाळ अंगावर पिणारं असेल तर आईला जेवू घालणं हीच बाळाची मदत. बसस्थानकावर हिरकणी कक्ष (बाळाला अंगावर पाजण्यासाठीची खोली) असेल तर तिला तिथे बसवून द्या.

### मूल स्वतः मागत असेल

मुलाच्या हातात रोख कधीच देऊ नका. ते त्याच्याजवळ राहत नाहीत. मूल जितकं कमावून देतं तितकी त्याची शाळा लांब जाते. खाऊ द्या, समोर बसवून खायला लावा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७६ नुसार मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपये दंड आहे. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ मध्ये किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. १०९८ ला कळवताना जागा, वेळ, मुलाचं अंदाजे वय, अंगावरचे कपडे आणि सोबत कोण आहे ते सांगा. मुलाला ओढून कुठे नेऊ नका. ते काम बाल संरक्षण यंत्रणेचं आहे, मूल बालकल्याण समितीसमोर तीच नेते.

### वर्गणीचं पावतीपुस्तक

अन्नदान, मंदिर, गोशाळा, वृद्धाश्रम. पावतीवर संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर नमस्कार करा आणि पुढे चला. असेल तरी रस्त्यावर देऊ नका, संस्थेच्या बँक खात्यात भरा.

### "रोख द्या, मी यूपीआय करतो"

सध्या हा प्रकार वाढतोय. समोरचा "पैसे पाठवले" म्हणून स्क्रीनशॉट दाखवतो आणि रोख मागतो. स्क्रीनशॉट बनावट असू शकतो, आलेला एसएमएसही. आणि पैसे खरंच जमा झाले, पण ते कुणाच्या तरी चोरीच्या खात्यातून आलेले असले, तर नंतर तुमचं खातं गोठतं. अनोळखी माणसाला यूपीआयच्या बदल्यात रोख द्यायचीच नाही, हा नियम कायमचा ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला तर तुमच्याकडून पैसे जाणार आहेत. फसलात तर तासाभरात १९३० ला कळवा.

फोन करायला मोबाइल मागितला तर नंबर तुम्ही लावा, फोन हातात धरून स्पीकरवर बोलू द्या. नंबरच्या आधी *२१* किंवा *४०१* लावायला सांगितलं तर लावू नका. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात आणि कॉलवर येणारा बँकेचा ओटीपी तिकडे जातो.

### वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले, तृतीयपंथी

यांना अडचणीतल्या माणसाच्या रांगेत बसवू नका. वासुदेव पहाटे गातो, गोंधळी देवीचा जागर करतो. ते आपली कला देतात, तुम्ही सुपातलं मूठभर धान्य किंवा दहा रुपये देता. आवडलं तर द्या, नसेल तर हात जोडा. रेल्वेत तृतीयपंथी आल्या तर "ताई, आज नाही" एवढं पुरतं. कुणीही जबरदस्ती केली तर १३९.

## ६. नाही म्हणायची पद्धत

नाही म्हणणं हा तुमचा हक्क आहे, आणि समोरच्याकडे पाहून नाही म्हटलं जाणं हा त्याचा. मोबाइलमध्ये तोंड घालून तो अदृश्य असल्यासारखं वागू नका. "आबा, आज जमणार नाही." "मावशी, पैसे नाही देत, चहा घेता का?" कारण सांगू नका. "सुट्टे नाहीत" म्हटलं की समोरचा सुट्टे आणून देतो आणि तुम्ही अडकता. "काम का करत नाही?" हे तर अजिबात नको. त्याने काम शोधलं की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. दोनदा नम्रपणे सांगूनही मागे लागला तर गर्दीकडे चाला, वाद घालू नका.

## ७. पोलिस, हेल्पलाइन आणि व्हॉट्सॲप

धमकी, चोरी किंवा मुलाला त्रास दिसला तर ११२. पण निव्वळ मागतोय म्हणून पोलिसांत तक्रार करण्याआधी थांबा. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यात पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं संस्थेत डांबलं जाऊ शकतं. भुकेल्या म्हाताऱ्यासाठी १४५६७ किंवा महापालिका-नगरपालिकेचं बेघर निवारा केंद्र ही योग्य वाट आहे.

आता सगळ्यात गंभीर इशारा. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठार मारली. ती भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी तेव्हा गावंच्या गावं धास्तावलेली होती. आपल्याच धुळे जिल्ह्यात हे घडलं.

म्हणून मागणाऱ्याचा फोटो काढून "यांच्यापासून सावध" असं लिहून ग्रुपवर टाकू नका. आलेला तसा मेसेज पुढे ढकलू नका, टाकणाऱ्याला तो काढायला सांगा. मुलांबाबत खरी शंका असेल तर ११२ ला जागा आणि वर्णन सांगा. कुणाला लोकांनी घेरलेलं दिसलं तर आधी ११२ लावा, मग पोलिस पाटील किंवा सरपंचाला बोलवा आणि "पोलिस निघालेत" असं मोठ्याने सांगा.

## ८. रोज त्याच जागी दिसणारा माणूस

मंदिराच्या पायरीवर, चौकात रोज तेच आजी-आजोबा बसलेले असतात. त्यांना रोज पाच रुपये देत राहण्यापेक्षा एक दिवस अर्धा तास द्या आणि कागद विचारा. आधार आहे का? रेशनकार्ड? बँक खातं? बहुतेक वेळा एकाच कागदामुळे सगळं अडलेलं असतं.

निराधारांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून आणि ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात; अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात करायचा. लागणारे कागद असे: आधार, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. विधवा असेल तर पतीचा मृत्यू दाखला, अपंग असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र.

आधारच नसेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. अंगठ्याचे ठसे झिजलेले असतील तर आधार केंद्रात बुबुळांवरून नोंद करायला सांगा. अर्जाची पोच घ्या, तिचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याकडे द्या. पावसात भिजली तर पुन्हा सगळी धावपळ करावी लागते.